किलावेयाचा आलेख वाचताना

हवाई बेटावरचा किलावेया ज्वालामुखी २३ डिसेंबर २०२४ पासून थांबून थांबून उसळतोय. हालेमाउमाउ विवरात लाव्हाचं कारंजं सुटतं, मोजके अपवाद सोडले तर दिवसाभरात थांबतं, आणि मग काही दिवस, कधी काही आठवडे शांतता. पुढचं कारंजं कधी, याचा अंदाज कॅमेऱ्यापेक्षा कलमापक, म्हणजे जमिनीचा कल मोजणारं उपकरण, चांगला देतो. वेबकॅमवर डोळे लावून बसणाऱ्यांनी त्याचा आलेखही शेजारी उघडून ठेवावा.

कलमापक बोअरमध्ये काही मीटर खोल बसवतात. आत द्रवावर बुडबुडा असतो, गवंड्याच्या लेव्हलमध्ये असतो तसाच. तो सरकला की विद्युत संकेत बदलतो. एकक मायक्रोरेडियन: १ किलोमीटर लांब दांडीचं एक टोक १ मिलिमीटर उचललं तर येईल तेवढा कल.

शांततेच्या काळात खाली मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) भरत राहतो, माथा फुगतो, रेषा चढते. कारंजं सुटलं की ती झपाट्याने उतरते आणि भूकंपमापकावरचा सततचा कंप वाढतो. थांबताना रेषा पुन्हा वर वळते, कंप ओसरतो. दोन्ही एकदम झालं की तो टप्पा संपला असं धरायला हरकत नाही.

अंदाजाचं गणित साधं आहे. समजा मागच्या वेळी २० मायक्रोरेडियन उतरले, आतापर्यंत १४ भरून आले आणि रोज २ चढतायत, तर साधारण तीन दिवस. पण मध्येच माथा काही तास किंवा दिवसभर खचतो, पुन्हा फुगतो, आणि तारीख पुढे जाते. म्हणून जाहीर होतो तो दिवसांचा पट्टा, मुहूर्त नव्हे. कारंज्याआधी मुखातला लाव्हा वायूच्या दाबाने वर येतो, थोडा सांडतो, परत आत ओढला जातो; असं कित्येकदा होतं आणि उतावळे लोक त्यालाच सुरुवात समजतात. जोराचा पाऊस रेषा भरकटवतो, जवळचा भूकंप तिला एका झटक्यात पायरी पाडतो. अशी पायरी हिशेबातून वगळायची.

ज्वालामुखीच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड वायू मोजायला वर्णपटमापक (प्रकाशावरून वायू मोजणारं उपकरण) गाडीवर लावून धुराच्या पट्ट्याखालून जातात. त्या पट्ट्याच्या आडव्या छेदात मिळालेल्या वायूला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की दिवसाचे टन निघतात. शांततेत साधारण १,२०० ते १,५००. सगळ्यात मोठी चूक शिरते ती वाऱ्याच्या आकड्यातून. नेहमीचे ईशान्य वारे पडले की धूर रस्ता सोडून भलतीकडेच जातो, आणि त्या दिवशी मोजमापच होत नाही.