चपलेचं काय झालं?

"त्या दिवशी मी नवी कोल्हापुरी घातली होती," असं आत्या म्हणाली की आम्ही पोरं सरसावून बसायचो. म्हणजे आता जतच्या लग्नाची गोष्ट निघणार.

गोष्ट 1974 च्या उन्हाळ्यातली. आत्या आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, सांगलीहून एसटीनं मावसबहिणीच्या लग्नाला निघाले. कवठेमहांकाळ मागे पडलं आणि गाडी तापून बंद पडली. रेडिएटरला पाणी हवं, आणि त्या भागात पाणी म्हणजे माणसांनाच मोजून. कुठल्याशा वस्तीवरून कळशी आणेपर्यंत मुहूर्त टळला. हे दोघं मांडवात पोचले तेव्हा शेवटची पंगत उठत होती आणि जिलब्या संपल्या होत्या. संपली गोष्ट.

पुढे मी बी.ए.ला मराठी घेतलं आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीचं वाटोळं केलं. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, निवेदन, भाषाशैली. 'वरील घटकांच्या आधारे कथेचे परीक्षण करा', गुण दहा. ही सवय परीक्षेपुरती राहत नाही. फॉर्स्टर नावाच्या इंग्रज कादंबरीकारानं 1927 साली सांगून ठेवलंय, की राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली नुसती गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे झालं कथानक. म्हणजे 'मग' जाऊन तिथं 'म्हणून' यायला हवं. आत्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिच्याकडे 'म्हणून'चा तुटवडा कधीच नव्हता. गाडी का बंद पडली? तर घरातून निघताना शेजारणीनं "कुठं चाललात?" विचारलं, म्हणून. रेडिएटर हे निमित्त.

तीच गोष्ट काकाकडून ऐकली तर वेगळीच. त्याच्या गोष्टीत शेजारीण नाही, चप्पल तर नाहीच. तिथं ड्रायव्हर आहे, बॉनेटमधून येणारी वाफ आहे आणि भर उन्हात एकट्यानं कळशी वाहणारा चौदा वर्षांचा काका आहे. आत्या म्हणते, "हा? हा बाभळीखाली बसून रडत होता, भूक लागली म्हणून." अविश्वसनीय निवेदक ही संज्ञा समीक्षेत 1961 साली वेन बूथ या अमेरिकन अभ्यासकानं आणली म्हणतात. आमच्या घरात तसे दोन होते आणि ते एकाच वेळी बोलायचे. मधेच कंडक्टरच्या म्हशीचाही एक किस्सा यायचा, चार वाक्यांत संपणारा. अशा छोट्या प्रसंगाला नाट्यशास्त्रात 'प्रकरी' म्हणतात आणि लांबत जाणाऱ्या उपकथेला 'पताका'. रामकथेत जटायू प्रकरी, सुग्रीव पताका. म्हैस अर्थातच प्रकरी. पण काका रंगात आला की तिची पताका व्हायची.

पण मला खरा त्रास दिला तो चपलेनं. नाट्यशास्त्रातच 'बीज' आहे: सुरुवातीला अगदी थोडक्यात टाकायचं आणि पुढे पसरत फळापर्यंत न्यायचं. चेकॉव्ह या रशियन लेखकानं 1889 साली एका पत्रात हेच उलट्या बाजूनं लिहिलं, की कुणी झाडणारच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. आता इथं पहिल्याच वाक्यात नवी कोरी कोल्हापुरी ठेवलेली. ऐकणाऱ्यानं काय समजायचं? अंगठा तुटणार. नाहीतर नवी चप्पल पाय चावणार आणि आत्या लंगडत वस्तीवर जाणार. गेला बाजार, मांडवाच्या दारातून चोरीला तरी जाणार. लग्नात चपला जातात, त्यात अशक्य काही नाही. यातलं काहीच होत नाही. पहिल्या वाक्यानंतर चप्पल जी गायब होते ती होतेच. लहानपणी हे खटकलं नव्हतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मात्र मला ते रचनेतला दोष म्हणून स्पष्ट दिसायला लागलं, आणि त्या वयात दोष दिसला की तो बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आत्या शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, "आत्या, मग चपलेचं काय झालं?"

"कसल्या?"

"जतच्या गोष्टीतल्या. पहिल्यांदा सांगतेस की नवी कोल्हापुरी घातली होती. मग पुढे तिचं काहीच होत नाही. मग सांगायची कशाला?" मी चेकॉव्हही सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला, दोन खवट दाणे बाजूला काढले.

"व्हायचंय काय तिचं? नवी होती, म्हणून सांगितलं."

पुन्हा 'म्हणून'. मी गप्प. शेंगांची टोपली निम्मी होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "शाळेत लागले होते ना आदल्या जूनपासून. आप्पांच्या हातात पगार द्यायचा, अशी रीत होती. एका महिन्याला दिला नाही सगळा. अठरा रुपयांची होती. चालले की काय वाजायची रे ती, कर्रकर्र! गाडी बंद पडली, सगळे वैतागले, आणि मला आपलं बरंच वाटलं. वस्तीपर्यंत चालायला मिळालं."

आतल्या खोलीतून काका ओरडला, "अठरा नाही, बावीस!"