चारही ज्योती एकाच रंगाच्या

घर तापू नये म्हणून आम्ही छताचं आणि खिडक्यांच्या काचांचं काम काढलं. छताचं आधी उरकून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग तपासून घेतलं, त्यावर एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) 50 मिलिमीटर जाडीचे बोर्ड, वर सिमेंटचा थर. माणसं वेळेवर आली, वेळेवर गेली. पूर्वी रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावला तर कोमट लागायचं, ते थांबलं. एवढ्यावरच थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण आमची झोपायची खोली पश्चिमेची. दुपारी तीननंतर ऊन थेट पलंगावर. छत गार झालं तरी खिडकी तशीच, एकेरी काचेची. पडदे लावून पाहिले, पण पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात आलेलंच असतं, मग पडदाच तापून खोली तापवतो. (बाहेरून छज्जा किंवा बांबूच्या पडद्याची सावली करता येत असेल तर आधी ती करा. मला हे नंतर सुचलं.)

मग दुहेरी काच, म्हणजे मधे सीलबंद जागा ठेवून जोडलेल्या दोन काचा, बसवायचं ठरलं. काचेबद्दल मी बऱ्यापैकी वाचलं होतं. काचेतून उष्णता किती झिरपते त्याचा आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू, कमी तितका चांगला. एकेरी काचेचा तो साधारण 5.7, साध्या दुहेरी काचेचा 2.8 च्या आसपास. म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून जाणारी उष्णता निम्म्यावर येते. पण ऊन हा वेगळा मामला आहे. त्याचा आकडा एसएचजीसी, म्हणजे उन्हातल्या उष्णतेचा किती भाग आत येतो. साध्या दुहेरी काचेचा तो 0.7 च्या जवळपास असतो, म्हणजे उन्हातली बरीचशी उष्णता खुशाल आत येते. उन्हाला अडवणारं लो-ई कोटिंग (काचेवरचा उष्णता परतवणारा अगदी पातळ थर) असलं की हाच आकडा 0.3 च्या आसपास येतो. पश्चिमेच्या खिडकीला दुसरी काच महत्त्वाची, पण त्याहून महत्त्वाचं ते कोटिंग. कोटेशनमध्ये मी 'सोलर कंट्रोल लो-ई, दुसऱ्या पृष्ठभागावर' असं मुद्दाम लिहून घेतलं होतं. दोन काचांचे मिळून चार पृष्ठभाग, ते बाहेरून आत मोजतात, एक ते चार. ऊन अडवायचं असेल तर कोटिंग दुसऱ्यावर हवं.

खिडक्या बसल्या. रस्त्याचा आवाज कमी झाला, घरातले सगळे खूश. मी मात्र चार दिवस दुपारी पलंगावर हात ठेवून बसायचे. गादी पूर्वीइतकीच तापत होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी लायटर पेटवून काचेसमोर धरला. ही युक्ती कुणालाही करता येते: अंधार पडल्यावर दुहेरी काचेसमोर ज्योत धरली की चार प्रतिबिंबं दिसतात, प्रत्येक पृष्ठभागाचं एक. कोटिंग असेल तर चारातल्या एका ज्योतीचा रंग वेगळा दिसतो. आमच्या चारही ज्योती एकाच पिवळ्या रंगाच्या. बाबांनी लायटर वर-खाली करून, मी एक डोळा मिटून, सगळ्या बाजूंनी बघितलं. चारही सख्ख्या बहिणी.

मी काचेच्या कंपनीला फोन केला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, लो-ई कोटिंग डोळ्यांना दिसत नाही. दिसलं तर ते लो-ई कसलं?" यावर काय बोलणार! ज्योतीचं सांगितलं तर म्हणाले, तक्रार फॉर्म भरा.

आणि इथे मी अडकले. फॉर्ममध्ये एक रकाना होता: काचेवरील स्टिकरचा क्रमांक. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. स्टिकर फिटरने बसवतानाच सोलून काढले होते आणि ते डेब्रिसच्या गोणीत गेले होते. फोनवर विचारलं तर, "स्टिकर जपून ठेवायचे असतात ना मॅडम." तुमच्याच माणसाने फेकले म्हटलं तर, "ते फिटिंगचं खातं वेगळं आहे." फिटिंगच्या खात्याने सांगितलं, काचेची तक्रार आमच्याकडे येत नाही. रकान्यात शून्य टाकून पाहिलं, 'नाही' लिहून पाहिलं. फॉर्मला अंकच हवे होते, आणि तेही नेमके आठ.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी खिडकी पुसताना दोन काचांच्या मधल्या पट्टीवर, म्हणजे स्पेसरवर, बारीक करडी अक्षरं दिसली. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून मी त्यातून आठ अंक टिपून घेतले. दोन काचांच्या मधली जागा सीलबंद असल्याने ती अक्षरं ना पुसली जातात ना कुणी सोलू शकतं. काच घेतल्या घेतल्या त्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, स्टिकरचाही ठेवा. फॉर्म निमूट पुढे सरकला. मला इतका आनंद झाला की कोटिंग नाही याचं दुःख मी थोडा वेळ विसरले.

मग पाहणीला माणूस आला, हात हलवत. काचेकडे बघून म्हणाला, "ठीकच दिसते." कोटिंग ओळखायचं छोटं यंत्र असतं, काचेला टेकवलं की कोटिंग आहे का आणि कुठल्या पृष्ठभागावर आहे ते दाखवतं. ते नाही का आणलं, विचारलं. "ते ऑफिसात आहे." पुढची तारीख नऊ दिवसांनी. तेव्हा यंत्र आलं आणि त्याने कोटिंग कुठेच नसल्याचं सांगितलं. मला वाटलं जिंकले. त्याने बॅगेतून ऑर्डरची प्रत काढली. तिच्यावर लिहिलं होतं: 6-12-6, क्लिअर. (सहा मिलिमीटरच्या दोन काचा, मधे बारा मिलिमीटरची जागा.) खाली सही माझी.

त्या सहीचं मला अजून वाईट वाटतं. कोटेशन मी चारदा वाचलं होतं, ऑर्डर मात्र गॅस कमी करून दारात उभ्या उभ्या सही केली. क्लिअर म्हणजे कोटिंग नसलेली साधी काच, हे मला ठाऊक होतं. मी बघितलंच नाही. वाचवलं ते तळाच्या एका ओळीने: 'इतर तपशील कोटेशननुसार'. त्या ओळीवर पुढचे दोन आठवडे फोनाफोनी झाली. शेवटी ते काच बदलून द्यायला तयार झाले, 'सद्भावनेपोटी'. त्यांच्या पत्रातला शब्द आहे.

टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच तयार झाल्यावर कापता येत नाही आणि दुहेरी काच एकदा सीलबंद झाली की तिच्यात फेरफार होत नाही, त्यामुळे नवीन युनिट होईपर्यंत पुन्हा वाट. फ्रेम मात्र तशीच राहिली. बीडिंग (काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) काढून जुनी काच बाहेर, तेवढ्याच 24 मिलिमीटरची नवी आत. त्या वेळी कळलं की पहिल्या फिटरने फ्रेमच्या तळाची पाणी जायची भोकंसुद्धा सिलिकॉनने बुजवली होती. ती उघडी असावी लागतात, आत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. फ्रेम आणि भिंतीच्या फटीत फोम भरतानाही समोर उभी राहिले, कारण फोम फुगतो आणि जास्त भरला तर फ्रेम वाकते, मग झडप घासायला लागते.

आणखी एक आठवलं, छताचं आहे: एक्सपीएसला सॉल्व्हंट असलेला गोंद लावू देऊ नका, बोर्ड विरघळतो. आणि कामाला हात घालण्याआधी वारा असेल त्या दिवशी दारं-खिडक्यांच्या कडेने उदबत्ती फिरवा. धूर जिथे वाकडा होतो तिथली फट आधी बंद करा. आमच्या बाल्कनीच्या दाराखालून इतकी गरम हवा यायची की केवळ फट बुजवणारी पट्टी लावली असती तरी फरक पडला असता.

नवी काच बसली त्या संध्याकाळी बाबा लायटर घेऊन तयारच होते. आमच्या बाजूने मोजलं तर तिसरी ज्योत जांभळट, बाकी तीन पिवळ्या. म्हणजे बाहेरून दुसऱ्या पृष्ठभागावर, बरोबर जागी. बाबांनी दोनदा मोजलं, मी तीनदा.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला: आमच्या सेवेला किती गुण द्याल? लिंक उघडली. पहिला रकाना, स्टिकरचा क्रमांक. या वेळी तो माझ्याकडे होता. स्टिकर मी फिटरच्या हातून काढून घेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.