बुटक्याची जबानी

खलनायकाच्या तोंडून परीकथा लिहायची म्हटली की मुलं लगेच पेनं सरसावतात, आणि तिथंच त्यांना थांबवावं लागतं. तशीच लिहू दिली तर लांडगा शाकाहारी निघतो, चेटकीण मुळात वैद्य असते आणि सावत्र आईचं लहानपण फार हालात गेलेलं असतं. घडलेलंच बदललं तर दुसरी बाजू मांडायची कशाची? म्हणून माझ्या कार्यशाळेत एक अट पक्की असते. गोष्टीतली एकही घटना बदलायची नाही. सफरचंदात विष होतं तर होतंच.

त्या दिवशी तालुक्याच्या गावातली एक शाळा होती. सातवी-आठवीची तिसेक मुलं, सकाळी लेखन, दुपारी अभिरूप न्यायालय. गोष्ट ग्रिम बंधूंच्या संग्रहातली, रंपेलस्टिल्टस्किनची. मुलांनी पाच मिनिटांत त्याचा 'बुटक्या' करून टाकला, ते सोयीचंच झालं.

हीच गोष्ट का? कारण नुसत्या भुकेवर चालणारा खलनायक लेखनाला पुरत नाही. 'मला भूक लागली होती' म्हटलं की लांडग्याची बाजू संपते, उरलेलं पान मुलं विनोदांनी भरतात. व्यवहार करणारा खलनायक लागतो, ज्याला कुणीतरी शब्द दिलाय आणि मग फिरवलाय. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीकडे तो आयताच आहे. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा' हा वायदा तिनं स्वतःहून केलेला, आणि वाघ इमानदारीत वाट बघत बसलेला. आधी हीच गोष्ट घेतली. वाघाची तक्रार एका वाक्यात सांगा म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "उधारी बुडवली." पुढं फार समजवावं लागलं नाही.

बुटक्याचा व्यवहार आणखी चोख आहे. गिरणीवाला राजापुढं फुशारकी मारतो की माझी पोर गवताच्या काड्यांचं सोनं कातते. राजा तिला गवतानं भरलेल्या खोलीत कोंडतो. सकाळपर्यंत सोनं नाही तर जीव जाईल. बुटक्या येतो, हार घेतो, कातून देतो. दुसऱ्या रात्री खोली मोठी, मोबदला अंगठी. तिसऱ्या रात्री तिच्याकडे द्यायला काही उरत नाही, तेव्हा तो पहिलं मूल मागतो आणि ती कबूल करते. वर्षानं तो न्यायला येतो तेव्हा आता राणी झालेली ती राज्यातली सगळी संपत्ती देऊ करते. तो नाही म्हणतो. जगातल्या सगळ्या खजिन्यापेक्षा त्याला काहीतरी जिवंत हवंय. ती रडते म्हणून वर तीन दिवसांची मुदत देतो: माझं नाव ओळख, मूल ठेव. ही सवलत कुणी मागितलेली नसते.

लिहिण्याआधी कागदावर दोन उभ्या रेघा मारायच्या, म्हणजे तीन रकाने होतात. पहिल्यात गोष्टीतली घटना, दुसऱ्यात 'तो तिथं होता का?', तिसऱ्यात 'त्यानं काय पाहिलं, काय ऐकलं'. दुसऱ्या रकान्यात 'नाही' आलं की ती घटना त्याच्या तोंडी घालायची नाही. ऐकीव म्हणून घालायची तर कुणाकडून कळली ते लिहायचं. गिरणीवाल्याची फुशारकी अशी गळते. राजाची हावही निम्मी गळते, कारण बुटक्या यायचा तेव्हा राजा खोलीत नसायचाच. त्याला दिसलेलं इतकंच: रडणारी मुलगी, गवत, चाक, बंद दार.

सगळ्यांत जास्त कथा फसतात त्या दूताच्या प्रसंगावर. राणीचा दूत रानात फिरताना छोटंसं घर बघतो. समोर जाळ, भोवती एका पायावर उड्या मारत बुटक्या गाणं म्हणतोय आणि गाण्यात स्वतःचं नाव घेतोय. मुलं हमखास लिहितात, 'दूत झुडपाआडून मला बघत होता.' अरे, त्यानं पाहिलं असतं तर तो गाणं थांबवणार नाही का? त्याच्या बाजूनं बघितलं तर दूत गोष्टीत नाहीच. राणी नाव घेते ते त्याच्यासाठी आभाळातून पडल्यासारखं, म्हणून तर तो 'हे तुला सैतानानं सांगितलं!' असं ओरडतो. रकाना नीट भरला असेल तर हे वाक्य पहिल्यांदाच खरं वाटतं.

शेवट कुठला घ्यायचा हेही आधी ठरवावं लागतं. ग्रिमच्या नंतरच्या आवृत्त्यांत तो संतापून उजवा पाय जमिनीत रोवतो आणि डावा दोन्ही हातांनी ओढून स्वतःला उभा फाडतो. असा माणूस नंतर गोष्ट सांगणार कधी? १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत मात्र तो रागानं पळून जातो आणि पुन्हा येत नाही. आम्ही तो शेवट घेतला. एका सरांनी हरकत घेतली, की मग मूळ गोष्ट बदललीच ना. ग्रिमनी स्वतः किती बदललंय हे सांगावं लागलं. हिमगौरीची वैरीण त्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल-ग्रेटेलच्या आईचंही पुढं तेच झालं. सरांना हे पटलं की नाही कोण जाणे, पण पुढचा अर्धा तास ते मुलांपेक्षा जास्त मन लावून रकाने भरत होते.

आठवीतल्या एका मुलीनं कथा लिहिलीच नाही. तिनं जमाखर्च मांडला.

'रात्र पहिली. खोली लहान. चाक तीनदा फिरवलं की रीळ भरतं. जमा: हार एक. रात्र दुसरी. खोली मोठी. जमा: अंगठी एक. रात्र तिसरी. खोली सगळ्यांत मोठी. तिच्यापाशी काही नाही. पहिलं मूल येणे.' मग एक ओळ मोकळी, आणि 'पाळण्याला दोर नवा. शेळी घेतली, दुभती.'

कुठंही गयावया नाही, 'मला समजून घ्या' नाही. शेळीच्या ओळीला मात्र वर्ग गप्प झाला. बाळ अजून आईच्या कुशीत आहे आणि इकडं दुधाची सोय झाली! खलनायकाला आपण खलनायक आहोत हे माहीत नसतं, हे मी अनेकदा सांगते. तिनं ते सांगितल्याशिवाय केलं.

दुपारी साहजिकच तीच आरोपी. न्यायालयाचे नियम थोडेच असतात. दोन्ही बाजूंना पाच-पाच प्रश्न. रकान्यात जे आहे त्याविरुद्ध उत्तर देता येत नाही. गोष्ट जिथं गप्प आहे तिथं आरोपीनं हवं ते सांगावं, पण एकदा बोललेलं मागं घेता येत नाही. न्यायालय सकाळी कधीच ठेवू नये, कारण मग लिहिताना प्रत्येक जण वकील होतो आणि सगळ्या कथा कैफियती होतात.

सरकारी वकील सातवीतला, बारीक आवाजाचा. त्यानं आधी विचारलं, "तुला सोनं करता येतं, मग हार कशाला घेतलास?"

"फुकटच्या कामाची किंमत कुणाला नसते."

"बाळाचं काय करणार होतास?"

गोष्टीत याचं उत्तर नाही. ती जरा थांबली. "सांभाळणार होतो."

"त्याच्या आईला विचारलंस?"

"विचारलं. ती हो म्हणाली."

"हो म्हणाली तेव्हा ती कुठं होती?"

"खोलीत."

"दार?"

"बंद होतं. बाहेरून कुलूप."

पाच प्रश्न संपले होते. बचावपक्षाला फेरतपासणीत काही सुधारता आलं नाही, कारण तिनं एकही खोटं बोललेलं नव्हतं. कुलूप त्याचं नव्हतं, पण ते बघूनच त्यानं सौदा केला होता. न्यायाधीश झालेल्या तिघांनी बाहेर व्हरांड्यात बराच खल केला. शाळेतल्या बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की भारतीय करार कायद्यात, म्हणजे १८७२ पासून, करारासाठी मोकळी संमती लागते. निकाल आला: बाळ आईकडं. हार आणि अंगठी बुटक्याचीच, काम केलं त्याची मजुरी. आणि राजा व गिरणीवाला आरोपींच्या यादीत का नाहीत, याचा खुलासा पोलिसांनी करावा.

तिचा जमाखर्च शाळेच्या हस्तलिखितात घ्यायचा ठरला. खाडाखोड फार नव्हती. 'रात्र तिसरी'मध्ये कुलूप आलं नव्हतं, ते न्यायालयात निघालं, म्हणून 'दाराला बाहेरून कुलूप' एवढे शब्द तिनं स्वतःच घातले. अगदी खाली 'मी वाईट नव्हतो' अशी एक ओळ होती. ती काढ म्हटलं. तिनं थोडी हुज्जत घातली, मग काढली आणि तिथं 'शेळी विकली' असं लिहिलं.