तुम्ही विचारलंत म्हणून: बोक्याच्या कुकरात काय असतं?

"तुम्ही मांजरांना घरचं करून घालता ना, मग रेसिपी द्या की." हे मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस कोंबलेला असताना तिथल्या असिस्टंटने विचारलं. दर वेळी मी "सांगते निवांत" म्हणून सटकते, कारण दोन वाक्यांत सांगितलं की लोक घरी जाऊन चिकन उकडतात आणि तिथेच थांबतात. मीही तेच केलं होतं. तर आता निवांत सांगते.

आधी एक, मी हे हौसेने करत नाही आणि स्वस्त पडतं म्हणून तर अजिबातच नाही. आमच्याकडे तिघं आहेत. पंत, चिंगी आणि ढमी. पंत म्हणजे बोका, साडेपाच किलोचा, आणि पाण्याच्या भांड्याकडे ढुंकूनही न बघणारा. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तो सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला, बसायचा, कण्हायचा, बाहेर यायचा, परत जायचा, मला वाटलं पोट साफ होत नाहीये. संध्याकाळी ट्रे बघितला तर माती ठणठणीत कोरडी. लघवी तुंबली होती. बोक्याची लघवीची वाट इतकी बारीक असते की खड्याचा कण किंवा नुसता चिकट गाळसुद्धा तिथे बूच मारतो, आणि एक-दोन दिवस तसेच गेले तर जीवावर बेतू शकतं. नळी घातली, तीन दिवस सलाईन, मग काही महिने डॉक्टरांनी लिहून दिलेलं खास खाणं. ते संपल्यावर डॉक्टर म्हणाले, आता याच्या पोटात पाणी कसं जाईल ते बघा. मांजरांच्या तयार खाण्याच्या कोरड्या दाण्यांमध्ये पाणी साधारण १० टक्के असतं आणि शिजवलेल्या मांसात ७० टक्क्यांच्या आसपास. ओलं खाणं पाऊचमध्ये मिळतं, पण पाऊचला पंत तोंड लावेना. म्हणून कुकर चढला.

त्याच सुमाराला चिंगी आली, पार्किंगमध्ये सापडलेली, दीड महिन्याची. कुकर चढतोच आहे तर हिलाही घरचंच देऊ, दाणे कशाला, असं मी ठरवलं. रोज बोनलेस चिकन उकडायचं, तेही ब्रेस्ट, कारण ते कसं पांढरं स्वच्छ, आणि पाणी सिंकमध्ये ओतून द्यायचं कारण वास येतो. चिंगी भराभर खायची. चारेक महिन्यांची झाली आणि एके दिवशी कट्ट्यावर उडी मारायला बसली, अंतर मापलं, मागचं बूड हलवलं, आणि उडी न मारता तशीच खाली पसरली. उचलायला गेले तर मागच्या पायाला हात लागल्या लागल्या कडकडून चावली.

डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला. शेजारी दुसऱ्या कुठल्यातरी पिल्लाचा लावला होता, त्यात हाडं खडूने काढल्यासारखी ठळक, आणि चिंगीची म्हणजे पेन्सिलीने काढून मग खोडरबर फिरवल्यासारखी.

"हिला काय घालता?"

"चिकन," मी म्हटलं, आणि लाज वाटते सांगायला पण अभिमानाने म्हटलं, "रोज फ्रेश. बोनलेस."

"आणि?"

"आणि काय?"

त्या "आणि"मध्येच सगळं आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, त्यामुळे शरीर लागेल तेवढं कॅल्शियम हाडांमधून ओढत राहतं. वाढत्या पिल्लाची हाडं मग पापडासारखी होतात. चिंगीला काही आठवडे पिंजऱ्यात, उड्या बंद, आणि पिल्लांचं तयार खाणं. सुधारली, पण मागचा एक पाय अजून जरा धनुष्यासारखा आहे आणि तो रोज माझ्यासमोरून चालत जातो.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "आमच्याकडे गावाला दूधभात, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी, मासे आणले तर डोकं. काही झालं नाही कुठल्या मांजराला." मी यावर बरेच दिवस चिडत होते, मग लक्षात आलं की त्या खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्या गुहागरच्या घरातली मांजरं दूधभातावर जगत नव्हतीच. ती माळ्यावरचे उंदीर, पडवीतल्या पाली, परसातले सरडे, अंगणातल्या चिमण्या खाऊन यायची, आणि दूधभात म्हणजे आपलं चहाबरोबरचं बिस्किट. उंदीर हे पूर्ण जेवण आहे हो. हाडांमध्ये कॅल्शियम, हृदयात टॉरिन नावाचं पोषणद्रव्य, यकृतात ए जीवनसत्त्व, वर निम्म्याहून जास्त पाणी. तिसऱ्या मजल्यावर जाळी लावलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पंताला उंदीर कुठून मिळणार? म्हणजे चिकनच्या दुकानातल्या सामानातून मला घरी उंदीर बनवायचा आहे. रेसिपी विचारता ना, ती उंदराची आहे.

टॉरिन हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला टॉनिकचं नाव वाटलं होतं. आपलं शरीर ते बऱ्यापैकी स्वतः बनवतं, मांजराचं पुरेसं बनवत नाही, त्याला ते मांसातूनच मिळायला लागतं. कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून ढिलं पडतं. गंमत अशी की हृदयाचं हे १९८७ मध्ये कळलं, कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात, आणि ज्या मांजरांमुळे कळलं ती तयार खाणं खाणारी होती. टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली, मग कंपन्यांनी ते वाढवलं. लॅब घेऊन बसलेल्यांचं चुकत होतं तर मी कोण! त्याच विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या मांजरांच्या ११४ घरगुती रेसिपी तपासल्या, आणि सगळी पोषणद्रव्यं पुरेशी असलेली त्यात एकही निघाली नाही. आता कळलं ना मी लिफ्टमध्ये का सटकते.

तर कुकर. छोटा, तीन लिटरचा, दांड्याला हिरवी दोरी बांधलेली, म्हणजे सासूबाईंच्या वरणभाताच्या कुकरशी त्याची गाठ पडणार नाही. रविवारी सकाळी एक किलो बोनलेस, पण लेगचं, कारण त्या लालसर मांसात ब्रेस्टपेक्षा टॉरिन जास्त. दीड-दोनशे ग्रॅम दिल, म्हणजे कोंबडीची हृदयं. हे मिळवायला मला महिना लागला, चिकनवाले मामा म्हणायचे "ताई, दिल कोण वेगळं घेतं, कलेजीत येतंच की एखाददुसरं", आता शनिवारी बाजूला काढून ठेवतात. आणि कलेजी ५० ग्रॅम, बास. कलेजी मांजरांना वेड्यासारखी आवडते आणि स्वस्त मिळते म्हणून लोक रोज घालतात, पण त्यातलं ए जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि काही महिन्यांनी मान आखडते, मणके जुळून बसतात.

पाणी बुडेल एवढंच, दोन शिट्ट्या. मीठ नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण तर नावालाही नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणजे "रस्सा धुऊन दिला तर चालेल का"चं उत्तर नाही. सूपच्या क्यूबमध्येही कांदा असतो. उकडलेलं पाणी फेकायचं नाही, टॉरिन त्यात उतरलेलं असतं, आणि पंताला पाणी पाजण्याची माझी युक्तीच ती आहे. मिक्सरला जाडसर फिरवायचं, त्या पाण्यासकट, आणि गार झाल्यावर अंड्याच्या कवचाची पूड घालायची, किलोला एक सपाट छोटा चमचा. कवचं धुऊन दहा मिनिटं उकळायची, उन्हात वाळवायची, मिक्सरला अगदी पिठासारखी करून मैद्याच्या चाळणीने चाळायची, जरा जरी करकर लागली तरी चिंगी ताटली उलटी करते. वरून टॉरिनची पावडर आणि डॉक्टरांनी दिलेलं व्हिटॅमिन-मिनरलचं मिश्रण. यांचे डोस मी कोणालाच सांगत नाही, ते त्यांनी माझ्या मांजरांची वजनं आणि रक्ताचे रिपोर्ट बघून काढलेत. तुमच्या मांजराचे तुमच्या डॉक्टरांकडून काढून घ्या.

छोट्या डब्यांत भरून फ्रीजरला. दोघांना आठवडाभर पुरतं, एका वेळचं. हो, एकाच वेळचं. रात्रीचं घरचं, सकाळी दाणे, तेही दोन चमचे कोमट पाणी घालून. इतकं सगळं करूनही माझं काहीतरी राहून जात असणार याची मला खात्री आहे, ते दाण्यांनी भरून निघू दे. आणि द्यायच्या आधी डबा गरम पाण्यात ठेवून कोमट करते, गार खाण्याला वास येत नाही आणि वास नाही तर मांजराच्या लेखी ते खाणंच नाही.

कच्चं का नाही देत, हेही विचारता. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि २०२४ च्या शेवटी नागपूरला गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, ते वाचल्यापासून माझी हिंमतच नाही. मासे आठवड्यातून एकदा, ओले बोंबील नाहीतर मांदेली, वाफवून, काटे काढून. खारवलेलं सुकं नाही. दूध म्हणाल तर मांजर डोळे मिटून पितं खरं, पण मोठ्या मांजराला बहुतेक वेळा ते पचत नाही आणि ट्रे आपल्याला उघड्या डोळ्यांनी साफ करावा लागतो. पनीर-सोया म्हणाल तर, घरात मांस शिजवणं जमणार नसेल तर सरळ चांगलं तयार खाणं घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मांजराला आपला उपास लावू नका.

राहिली ढमी. ती यातलं काही खात नाही. पहिल्या वेळी मी म्हटलं भूक लागली की खाईल, दाण्यांचा डबा वर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सहज फोनवर सांगितलं तर ते ओरडलेच, मांजर, त्यातून गुबगुबीत, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी भरते, आत्ताच्या आत्ता खायला द्या तिला. दिलं. आता रविवारी कुकरची शिट्टी झाली की तिघंही ओट्याखाली येऊन बसतात. पंत आणि चिंगी ताटल्यांवर तुटून पडतात, आणि ढमी तिच्या ताटलीचा नीट वास घेते, पुढच्या पंजाने भोवतीची फरशी खरवडते, अगदी ट्रेमध्ये केल्यावर झाकतात तशी, आणि दाण्यांच्या डब्यापाशी जाऊन बसते.