पेशीतली व्हिस्कॉसिटी मोजताना: बॉडिपी-सी१० आणि फ्लिम

पेशीतली व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, मोजायला मी बॉडिपी-सी१० हा मॉलिक्युलर रोटर, म्हणजे ज्याच्या रेणूचा एक भाग फिरू शकतो असा चमकणारा डाय, वापरतो. पातळ माध्यमात याचा फिनाइल गट मोकळा फिरतो आणि शोषलेली ऊर्जा त्यातच खर्च होते. माध्यम दाट असेल तर फिरणं अडतं आणि लाइफटाइम, म्हणजे प्रकाश शोषल्यापासून तो परत सोडेपर्यंतचा सरासरी वेळ, वाढतो. नुसत्या चमकेवर माझा विश्वास नाही, कारण डाय एका जागी साठला तरी चमक वाढते. म्हणून फ्लिम, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा लाइफटाइम मोजणारी सूक्ष्मदर्शकाची पद्धत.

घोळ होतो तो बहुधा कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे व्हिस्कॉसिटी माहीत असलेल्या मिश्रणांत लाइफटाइम मोजून तुलनेची रेषा काढताना. मेथनॉल-ग्लिसरॉलची मिश्रणं करताना ग्लिसरॉल पिपेटने घेऊ नये, ते टिपला चिकटून राहतं. मी वजन करूनच घेतो. बाटली उघडी राहिली की ते हवेतली वाफ ओढतं आणि जराशा पाण्यानेही पातळ होतं. तापमानाचं तर विचारूच नका: शुद्ध ग्लिसरॉल २० अंश सेल्सिअसला सुमारे १४१० मिलिपास्कल-सेकंद, तेच ३० अंशांना जेमतेम ६१०. त्यामुळे क्युवेटचं, म्हणजे नमुन्याच्या छोट्या पारदर्शक भांड्याचं, तापमान स्थिरावल्याशिवाय रीडिंग घेत नाही. लाइफटाइम आणि व्हिस्कॉसिटी, दोन्हींचे लॉग घेतले की मधल्या पट्ट्यात सरळ रेषा मिळते. टोकांना ती वाकते. ते बिंदू फिटमध्ये ओढूनताणून बसवू नयेत.

पेशींना डाय देतो तो असा: डीएमएसओ या द्रावकातला १ मिलिमोलर स्टॉक, १ मिलिलीटर मीडियमला (पेशी ज्यात ठेवतात त्या द्रवाला) १ मायक्रोलीटर. मीडियम सीरम आणि फिनॉल रेड नसलेलं, कारण सीरममधली प्रथिनं हा डाय पकडून ठेवतात. ३७ अंशांना १५ मिनिटं, मग दोनदा धुणं. डाय जास्त झाला तर रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल प्रकाश देतात, म्हणून ६०० नॅनोमीटरच्या पुढचा चॅनेल आधी बघतो. तिथे पेशी उजळल्या तर डाय निम्मा.

लेसर ४८८ नॅनोमीटर, ४० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४ कोटी पल्स. फोटॉन सेकंदाला ४ लाखांच्या, म्हणजे पल्सच्या एक टक्क्याच्या, आत ठेवतो. त्यापुढे पाइल-अप: डिटेक्टर आधी आलेला फोटॉनच मोजतो, लाइफटाइम खोटाच कमी दिसतो आणि पेशी उगाच पातळ वाटते.

हा डाय पेशीच्या पटलांत आणि लिपिड ड्रॉपलेटमध्ये, म्हणजे चरबीच्या थेंबांत, जातो. ड्रॉपलेट सर्वांत जास्त चमकतात, त्यामुळे अख्ख्या पेशीची सरासरी काढली तर आकडा त्यांचाच येतो. मी ड्रॉपलेट आणि बाकीची पटलं चित्रात वेगळी मास्क करतो (वेगळी निवडून मोजतो), आणि या आकड्याला सायटोप्लाझमची व्हिस्कॉसिटी मुळीच म्हणत नाही.