पोपचं पत्र आहे का? आहे. मग वाचा.

परवा रात्री झोप येत नव्हती, मोबाइलवर काहीबाही बघत पडलो होतो आणि एक जुना व्हिडिओ लागला, ३० जून १९८८ चा, स्वित्झर्लंडमधल्या एकोनचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एकोनला आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी काढलेली सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारी शाळा आहे, आणि त्या दिवशी ८२ वर्षांच्या या माणसाने पोपची परवानगी नसताना चार फादरांना बिशप केलं. एवढं मला आधीपासून ठाऊक होतं, पण प्रत्यक्ष विधी कधी बघितला नव्हता.

जुन्या लॅटिन विधीत सुरुवातीलाच एक सवाल-जवाब आहे. विचारलं जातं, हाबेतिस मान्दातुम आपोस्तोलिकुम? म्हणजे पोपचं आज्ञापत्र आहे का. उत्तर येतं, हाबेमुस, आहे. मग, लेगातुर, वाचा. आता इथे पत्र तर नव्हतंच, उलट करू नका असं बजावणारी पत्रं रोमहून आली होती. मला वाटलं हा भाग ते गुपचूप गाळतील. गाळला नाही हो! विचारलं, आहे का, आहे, मग वाचा, आणि एक कागद खरंच वाचला गेला. त्यात सांगितलं होतं की ही आज्ञा आम्हाला रोमन ख्रिस्तसभेकडून मिळालीय, जी प्रेषितांकडून आलेल्या परंपरेशी कायम एकनिष्ठ राहिली आहे. म्हणजे आज्ञा रोमचीच, फक्त आत्ता रोममध्ये बसलेल्या पोपची नाही.

मी तेवढा तुकडा तीनदा मागे नेऊन बघितला. अंगावर काटा आला आणि थोडं हसूही आलं, खोटं कशाला बोलू. कारण हे नुसतं बंड असतं तर सोपं होतं. बंड करणारा म्हणतो की मला तुझ्या पत्राची गरज नाही, इथे माणूस म्हणतोय की पत्राशिवाय हे करताच येत नाही, म्हणून मी पत्र आणलंय, फक्त ते तुझ्या सहीचं नाही.

मी स्वतः कॅथलिक, मिस्सा (म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना) माझ्या भाषेत ऐकत मोठा झालोय आणि मला लॅटिनचं फारसं वेड नाही. त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत अशी होती की हे सगळं भाषेचं भांडण आहे, म्हाताऱ्यांना जुनं सोडवत नाही वगैरे. ते तसं नाही. १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी नवीन मिस्सा आणला आणि जुना जवळजवळ बाहेर पडला हे खरं, पण लफेव्र यांचा राग त्याच्याही आधीचा, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेवरचा, म्हणजे १९६२ ते १९६५ मध्ये रोमला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेवरचा होता. त्या परिषदेत ते स्वतः बसले होते, आफ्रिकेत आयुष्य घालवलेला, डाकारचा आर्चबिशप राहिलेला मिशनरी, बाहेरून दगड मारणारा कुणी उपटसुंभ नव्हे. १९७० मध्ये त्यांनी सोसायटी, म्हणजे फादरांची एक संस्था काढली, सेंट पायस दहावे यांच्या नावाची, आणि तीही फ्रिबुर्गच्या बिशपच्या रीतसर परवानगीने. पुढे १९७५ मध्ये ती परवानगी काढून घेतली गेली, त्यांनी सेमिनरी बंद केली नाही, १९७६ मध्ये मनाई असताना नवे धर्मगुरू केले, त्याच उन्हाळ्यात निलंबन आलं आणि लगेच ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या लील शहरात हजारो लोकांसमोर मिस्सा केला. (त्याच प्रवचनात त्यांनी अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीचं कौतुक केलं होतं, हे त्यांचे चाहते सांगायचं विसरतात. मी विसरणार नाही.)

पण खरी गोष्ट आहे मे १९८८ ची. ५ मे ला रोममध्ये समझोता झाला. रोमकडून कार्डिनल रात्सिंगर, म्हणजे पुढे पोप बेनेडिक्ट झाले तेच, आणि इकडून लफेव्र. दोघांनी सह्या केल्या. सोसायटीला मान्यता मिळणार होती, जुना मिस्सा मिळणार होता, सोसायटीतलाच एक बिशपसुद्धा तत्त्वतः कबूल झाला होता. अठरा वर्षं जे मागत होते त्यातलं बरंच पदरात पडलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ६ मे ला, त्यांनी पत्र लिहिलं की बिशप ३० जूनला करायचा, तारीख पक्की द्या, नाहीतर मी माझ्या जबाबदारीवर करणार. सही केल्यावर ती रात्र तळमळत काढली असं ते नंतर सांगायचे. रोमने पुढे १५ ऑगस्टपर्यंत बिशप देऊ असंही म्हटलं, तेही चाललं नाही.

मला त्या एका रात्रीबद्दल फार कुतूहल आहे. ८२ वर्षांचा माणूस, जन्मभर आज्ञापालन शिकला आणि शिकवलं, सही करून खोलीत आलाय आणि त्याला झोप नाही. मन खात होतं म्हणावं तर नक्की कशासाठी? आज्ञा मोडली म्हणून नाही, पाळली म्हणून!

त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की आणीबाणी आहे. घर जळत असताना दार फोडायला मालकाची परवानगी मागत बसत नाहीत. आणि हे नुसतं भावनेच्या भरात नाही, चर्चच्या कायद्यात खरंच तशी जागा आहे. १९८३ च्या कायदेसंहितेत कलम १३२३ सांगतं की गरजेपोटी, नाइलाजाने कायदा मोडला तर शिक्षा लागत नाही, मात्र ते कृत्य मुळातच वाईट किंवा आत्म्यांना अपाय करणारं नसावं. त्याच्या पुढचं कलम तर आणखी एक पाऊल पुढे जातं, गरज नसताना एखाद्याला चुकून वाटलं की गरज आहे, अगदी त्या चुकीत त्याचा दोष असला, तरी आपोआप लागणारी शिक्षा त्याला लागत नाही. सोसायटीवाले ही दोन कलमं पाठ म्हणून दाखवतात. रोमचं उत्तर एका वाक्यात संपतं, आणीबाणी नव्हतीच, बिशप मिळणारच होता. १ जुलैला बहिष्काराचा हुकूम निघाला, २ जुलैला पोप जॉन पॉल दुसरे यांचं पत्र आलं, त्यात म्हटलं होतं की या सगळ्याच्या मुळाशी परंपरेची अपुरी आणि स्वतःशीच विसंगत समजूत आहे.

म्हणजे भांडण लॅटिनचं नाही आणि धड मिस्साचंही नाही, आणीबाणी आहे की नाही हे ठरवायचं कुणी याचं आहे. खुर्चीवरच्याने ठरवायचं म्हटलं तर आजवर कुठल्या खुर्चीने म्हटलंय की हो, माझ्यामुळेच आणीबाणी आलीय? आणि ज्याला वाटतं त्याने ठरवायचं म्हटलं तर उद्या प्रत्येक जण आपापल्या खिशातून एक पत्र काढून वाचेल. आणि झालंही तसंच! त्या चार बिशपांपैकी रिचर्ड विल्यमसन यांना सोसायटीनेच २०१२ मध्ये आज्ञा मोडली म्हणून काढलं, तर त्यांनी २०१५ मध्ये ब्राझीलला जाऊन स्वतःचा वेगळा बिशप केला, कारण काय, तर सोसायटी मवाळ झालीय, आणीबाणी आहे.

विल्यमसन यांचं नाव निघालंच आहे तर. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी चारही बिशपांवरचा बहिष्कार उठवला आणि नेमक्या त्याच दिवसांत स्वीडिश टीव्हीवर विल्यमसन यांची मुलाखत लागली, नाझींच्या छळछावण्यांत गॅस चेंबर नव्हतेच म्हणून. जगभर गदारोळ. बेनेडिक्ट यांनी नंतर बिशपांना पत्र लिहून जवळपास कबूलच केलं की इंटरनेटवर बघितलं असतं तर आधी कळलं असतं. हे वाचून कुणालाही हसू येईल, पण मला दुसरीच गोष्ट टोचते. लफेव्र यांचे वडील फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते, गेस्टापोने त्यांना पकडलं आणि १९४४ मध्ये ते नाझींच्या कैदेतच वारले. त्यांच्या मुलाने ज्याच्या डोक्यावर हात ठेवून बिशप केलं तो हे बोलला.

असो. सदसद्विवेकबुद्धीचा विषय निघाला की दोन्ही बाजूचे लोक न्यूमन यांना, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कॅथलिक विचारवंताला, ओढून आणतात. १८७० मध्ये पोपच्या अचूकतेचा सिद्धांत जाहीर झाला, मग इंग्लंडमध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी शंका काढली की आता कॅथलिक माणूस देशाशी एकनिष्ठ कसा राहणार, तो तर पोपचा गुलाम. त्याला न्यूमन यांनी १८७५ मध्ये उत्तर लिहिलं आणि त्यातच ते प्रसिद्ध वाक्य आहे, की जेवणानंतर धर्माच्या नावाने पेला उचलायचाच झाला तर मी पोपच्या नावाने उचलेन, पण आधी सदसद्विवेकबुद्धीच्या, मग पोपच्या. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण तिथेच ते असंही म्हणतात की पोपच्या विरुद्ध जायचं असेल तर सिद्ध करण्याची जबाबदारी जाणाऱ्यावर आहे, आधी नीट विचार करा, प्रार्थना करा, वरिष्ठ म्हटला की नाक मुरडायची जी हलकी खोड आपल्यात असते ती आधी मोडून काढा. हा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि यातली सगळ्यात मोठी गंमत सांगू का? परिषदेच्या ज्या दस्तऐवजांवर लफेव्र सगळ्यात जास्त चिडले होते त्यात धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा अगदी वर होता, डिसेंबर १९६५ चा. त्यात काय आहे, तर माणसाला त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागायला भाग पाडू नये. हे लिबरल विष आहे असं म्हणणाऱ्या माणसावर तेवीस वर्षांनी वेळ अशी आली की त्याच्या बाजूने बोलताना लोकांना शेवटी तीच भाषा वापरावी लागली. अर्थात ते स्वतः तसं म्हणाले नसते हे मला मान्य आहे. ते म्हणाले असते की मी माझ्या मनाचं ऐकत नाहीये, मला जे मिळालं तेच पुढे दिलं. त्यांच्या थडग्यावर तेच कोरलंय, संत पौलाचं वाक्य. पण मिळालेल्यातलं काय खरं आणि काय भेसळ हे निवडणारा हात शेवटी कुणाचा होता? उलट्या बाजूचंही तेच चालतं. १९६८ मध्ये पोपने कृत्रिम संततिनियमन नाकारलं तेव्हा सदसद्विवेकबुद्धीचा हवाला देणारे बरेच लोक पुढे लॅटिन मिस्सावाल्यांना सांगत होते की गप्प बसा, पोपचं ऐका.

माझं मत विचाराल तर ३० जूनला लफेव्र चुकले. मिस्सा म्हणणं एक आणि परवानगीशिवाय बिशप करणं एक, बिशपच पुढचे फादर करतो, म्हणून दुसऱ्यातून समांतर चर्च तयार होतं. पण पूर्वी मी हे जितक्या सहज म्हणायचो तितक्या सहज आता म्हणवत नाही. कारण २००७ मध्ये बेनेडिक्ट यांनी लिहिलं की जुना मिस्सा कायद्याने कधी रद्दच झाला नव्हता. कधीच नाही! मग सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्या म्हाताऱ्या फादरांना तो म्हटला म्हणून बाजूला सारलं, ज्यांना तुम्ही आज्ञा मोडताय असं सांगितलं, त्यांनी नक्की काय मोडलं होतं? याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

आणि मग ती माणसं ज्यांनी पाळलं. १९८८ मध्येच सोसायटीतले काही फादर लफेव्र यांना सोडून रोमकडे आले, त्याच जुलैत त्यांनी सेंट पीटरच्या नावाची वेगळी संस्था काढली. जुना मिस्साही हवा आणि पोपही हवा, असं म्हणणारे. त्यांना पत्र मिळालं, सही-शिक्क्याचं, खरंखुरं. माझा एक जुना दोस्त असाच, परवानगीवाल्या लॅटिन मिस्साला जाणारा, सोसायटीच्या दारात कधी पाय ठेवला नाही. घरातल्या लोकांशी यावरून वाद घातले, तिकडे जाऊ नका म्हणून. १६ जुलै २०२१ ला पोप फ्रान्सिस यांचा हुकूम आला, परंपरेचे रक्षक असं नाव, आणि आत काय, तर जुन्या मिस्सासाठी पॅरिशचं, म्हणजे त्या त्या भागातल्या लोकांचं नेहमीचं चर्च द्यायचं नाही, नवीन गट करायचे नाहीत, नव्या फादरांसाठी रोमला विचारायचं. कारण दिलं होतं की या सवलतीचा वापर फूट वाढवायला आणि परिषद नाकारायला केला गेला. काही ठिकाणी झालाही असेल, मी नाही म्हणत नाही, काही लोकांचं बोलणं मी ऐकलंय. पण माझ्या दोस्ताने काय केलं होतं? सेंट पीटरवाल्या फादरांना फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळं पत्र देऊन सूट मिळाली, ती त्या संस्थेपुरती. याच्या पॅरिशमधला मिस्सा गेला तो गेलाच.

आता हे बघा. ज्या सोसायटीने आज्ञा मोडली तिच्या फादरांना याच पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पापनिवेदन ऐकायचा अधिकार दिला, पुढे तो कायम केला, २०१७ मध्ये लग्नांचाही मार्ग मोकळा केला. लोकांचा विचार करून दिलं आणि बरं केलं असं मला वाटतं, पापनिवेदन खरं की खोटं या शंकेत कुणाला का ठेवायचं. पण जे बाहेर गेले त्यांचं कुणी काही काढून घेऊ शकत नव्हतं, आणि जे आत राहिले त्यांचं एका सहीत गेलं. हे बरोबर आहे असं मला कुणी पटवून द्यावं, मी ऐकायला तयार आहे.

तो व्हिडिओ बघून झाल्यावर रात्री दीडला मी त्या दोस्ताला लिंक पाठवली, त्या सवाल-जवाबाचा मिनिट लिहून. काही कमेंट टाकली नाही. सकाळी उठलो तर त्याचा एका ओळीचा मेसेज आलेला.

"आमच्याकडे तर खरंच पत्र होतं रे."