मामांचा ५जी फोन आणि टेकडीआडचे शेत

गेल्या खरिपात माझ्या मामांनी तालुक्याच्या गावी जाऊन ५जी फोन घेतला. आता सगळीकडे ५जी आले आहे, असे दुकानदाराने सांगितले आणि मामाही साध्या ४जी फोनपेक्षा जास्त पैसे मोजून समाधानाने घरी आले. त्यांचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेतल्या एका खोलगट भागात आहे आणि शेत त्याहून खाली, टेकडीच्या पलीकडे. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे सरकारी ॲपवर स्वतःच्या पिकाची नोंद करण्यासाठी, सोयाबीनचे फोटो काढायला ते शेतात गेले, तेव्हा फोनवर ५जी तर नाहीच, पण ४जीही दिसेना. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. ‘‘अरे, पाच जीचा फोन घेतला अन् शेतात एकबी जी येईना. फसवलं का काय मला त्यानं?’’

दुकानदाराने फसवले नव्हते, अर्धे सांगितले होते. उरलेले अर्धे मामांना सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की, रोज वापरूनही या ‘जी’चा अर्थ आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो.

‘जी’ म्हणजे जनरेशन, पिढी. साधारण दर दहा वर्षांनी मोबाईलच्या तंत्राची नवी पिढी येते. पहिली पिढी १९७९ मध्ये टोकियोत सुरू झाली. तिच्यावर फक्त बोलता येत असे. भारताने ती पाहिलीच नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, तो थेट दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावरून. ३जी आपल्याकडे २००८ च्या अखेरीस दिल्लीत आले, ४जी एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात, आणि ५जीचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. खेड्यापाड्यांत मात्र इंटरनेट खऱ्या अर्थाने पोचले ते सप्टेंबर २०१६ नंतर, जिओच्या स्वस्त ४जीमुळे आणि त्यातून पेटलेल्या दरयुद्धामुळे. तोवर फोनवर २जीच्या संथ नेटची खूण असलेले ‘ई’ हे अक्षर दिसले की एखादे छायाचित्र उघडेपर्यंत चहा पिऊन होत असे.

पिढी बदलते म्हणजे नेमके काय बदलते, हे मामांना कालव्याच्या भाषेत सांगितले तेव्हा चटकन पटले. हवेतल्या लहरींचा पट्टा हे धरणातल्या पाण्यासारखे आहे. ते मोजकेच असते आणि सर्वांत वाटून घ्यावे लागते. लहर सेकंदाला किती वेळा हेलकावते ते हर्ट्झमध्ये मोजतात, आणि पट्टीची रुंदीही त्यातच. २जीमध्ये २०० किलोहर्ट्झच्या एका चिंचोळ्या पट्टीवर आठ जणांच्या पाळ्या लागतात. जायकवाडीच्या आवर्तनात एकाचे बारे बंद झाल्यावर पुढच्याचे उघडते, तशाच या पाळ्या. फक्त त्या सेकंदाच्या हजाराव्या भागांत बदलतात, म्हणून बोलणाऱ्याला खंड जाणवत नाही. ३जीने पाच मेगाहर्ट्झची पट्टी घेतली आणि सर्वांना एकाच वेळी, परंतु वेगवेगळ्या सांकेतिक खुणा देऊन सोडले. ४जीने ठिबकची रीत आणली. वीस मेगाहर्ट्झपर्यंतच्या रुंद पट्टीचे शेकडो बारीक धागे करायचे आणि ज्याला ज्या क्षणी जितकी गरज, तितकेच धागे त्याला द्यायचे. ५जीची वाटपाची पद्धत मुळात हीच आहे. पट्टी मात्र शंभर मेगाहर्ट्झपर्यंत रुंद होते आणि टॉवरवरचे अनेक छोटे अँटेना लहरींचा झोत ग्राहकाच्या दिशेने वळवू शकतात. वेग वाढतो तो मुख्यतः या रुंदीमुळे.

आणि मामांच्या तक्रारीचे मूळही याच रुंदीत आहे. एवढी रुंद जागा खालच्या, म्हणजे कमी हर्ट्झच्या लहरींत मोकळी नव्हती. ती ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळाली. तिथे एका लहरीची लांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर असते, तर ९०० मेगाहर्ट्झच्या जुन्या २जी लहरीची सुमारे तेहतीस. लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत, झाडीत लवकर विरते आणि टेकडीला वळसा घालून पलीकडे उतरणे तिला तितकेच अवघड जाते. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर सुसाट धावणारे ५जी बालाघाटाच्या एका खोऱ्यात पांगळे होते. नवी पिढी म्हणजे लांबचा पल्ला, हा आपला सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि जाहिराती तो दूर करण्याच्या भानगडीत पडत नाहीत.

याला एक उतारा आहे, ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा. तो दूरवर पोचतो, जरी त्याच्यावर वेग कमी मिळतो. सरकारने २०२२ मध्ये केलेल्या लहरींच्या लिलावात हा पट्टा घेणारी जिओ ही एकमेव कंपनी होती. पण तुमच्या फोनला तो पट्टा कळला पाहिजे. म्हणून फोन घेताना डब्यावरचे ठळक ‘५जी’ वाचून थांबू नये. कंपनीच्या माहितीपत्रकात कोणते पट्टे दिले आहेत ते पाहावे. भारतात ‘एन ७८’ हा ३३०० चा आणि ‘एन २८’ हा ७०० चा, हे दोन असणे महत्त्वाचे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारणारे शंभर भेटतात, पट्टे विचारणारा एखादाच.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ४जी हे मुळात फक्त डेटासाठी आखलेले जाळे आहे. त्यावर आवाजही डेटाच्याच रूपाने पाठवण्याच्या सोयीला व्होल्टे म्हणतात. ती फोनच्या सेटिंगमध्ये बंद असेल, तर कॉल येताच फोन निमूटपणे २जीवर उतरतो आणि बोलणे संपेपर्यंत नेट जाते. जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे तिथे व्होल्टेशिवाय साधा कॉलसुद्धा लागत नाही. ‘कुणाचा फोन आला की माझे नेट मरते’ अशी कुरकूर करणाऱ्या माझ्या एका मावशींचा प्रश्न हे एक बटण चालू केल्यावर मिटला.

मग फोनवर ५जीच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असूनही व्हिडिओ का अडखळतो? कारण त्या कांड्या तुमच्या आणि टॉवरच्या मधल्या अंतराची हालहवाल सांगतात. टॉवरच्या मागे काय आहे, हे सांगत नाहीत. टॉवरला फायबर जोडलेले असेल तर ठीक. अनेक ठिकाणी मात्र तो पुढच्या टॉवरशी गोल तबकडीच्या सूक्ष्मलहरींनी बांधलेला असतो आणि तिथली वाट अरुंद असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! त्यात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली, तर सगळ्याच पिढ्या एकदम झोपतात.

वेगाची दुसरी बाजूही मामांना सांगावी लागली. शंभर एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट वेगात दीड जीबीचा रोजचा पॅक सलग वापरला, तर दोन मिनिटांत संपतो. एमबीपीएसमधले ‘बी’ हे बिटचे आणि जीबीमधले बाइटचे. आठ बिट मिळून एक बाइट होतो. हिशेब एवढाच.

घरातल्या वाय-फायच्या नावापुढे ‘५जी’ दिसते, त्याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही. ते पाच गिगाहर्ट्झ लहरींचे लघुरूप आहे. माझ्या शेजाऱ्यांनी त्यावरून मोबाईल कंपनीशी भांडण काढले होते, म्हणून सांगतो.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. मामांच्या फोनचे नेटवर्क सेटिंग ५जीवरून काढून ४जीवर ठेवले, कारण नसलेले ५जी शोधण्यात बॅटरी उगाच खर्च होत होती. पीक पाहणीचे फोटो शेतात काढून ते फोनमध्येच साठवायचे आणि टेकडीवरच्या लिंबाखाली रेंज आल्यावर पाठवायचे, अशी सोय त्या ॲपमध्ये आहे, तीही दाखवली. निघताना पाहिले तर मामांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांचा जुना बटणांचा २जी फोन होताच. सोयाबीनच्या मधोमध उभे राहून त्यांनी त्यावरून मामींना फोन लावला आणि जेवायला दोन माणसे येत आहेत, असे सांगितले.